देवदूतांचा चित्रसंच: घ्या, पण प्रेषित याकोबाचं चित्र स्वतः जोडा

आमच्या मंडळीने संडे स्कूलसाठी नागपूरच्या एका ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानातून देवदूतांवरचा मोठ्या चित्रांचा संच घेतला. चोवीस चित्रं, प्रत्येक साधारण वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाएवढं, जाड पुठ्ठ्यावर. समोर चित्र आणि मागे मराठीत गोष्ट, एक सुवर्णवचन, मुलांना विचारायचे तीन-चार प्रश्न. किंमत साडेसहाशे रुपये. पावसाळ्यापासून तो वापरात आहे. आता कापूस फुटला. वेचणी जोरात आली की रविवारी अर्धी मुलं वावरात असतात, म्हणून त्याआधी लिहून टाकते. घाटंजी, पांढरकवडा, राळेगाव, कळंब या बाजूच्या खेड्यांत ज्या बाया संडे स्कूल घेतात, त्यांना याचा उपयोग व्हावा.

आमचा वर्ग टिनाच्या छपराखाली भरतो. पाच वर्षांच्या लेकरापासून नववीतल्या पोट्ट्यापर्यंत सगळे एकाच सतरंजीवर. लाइटचा भरवसा नाही. मोबाइलवर व्हिडिओ लावला तर पुढची चार डोकी पाहतात आणि मागची भांडतात. अशा ठिकाणी मोठं चित्र लागतंच. मी अंगणवाडीत काम केलेली बाई आहे. चित्र छातीशी धरून हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवायचं, मागचा मजकूर आधीच वाचून ठेवायचा आणि सांगताना नजर लेकरांवर ठेवायची, हे अंगवळणी पडलेलं आहे. त्या कामाला हा संच चांगला बसतो. अक्षरं मोठी आहेत, मागे वाकून पाहिलं तरी वाचता येतात. रंग भडक नाहीत, मागच्या भिंतीपासून ओळखू येतात.

कागदाबद्दल एक तक्रार. प्लास्टिकचा थर फक्त समोरच्या बाजूला आहे, मागची बाजू उघडी. श्रावणात ओल धरली आणि कडा वर वळल्या. मी सगळ्यांच्या कडांना रुंद चिकटपट्टी लावली आणि संच लोखंडी पेटीत आडवा ठेवते, उभा नाही. आमच्या संचात एक चित्र दोनदा आलं होतं आणि एक नव्हतंच. दुकानात फोन केल्यावर त्यांनी राहिलेलं चित्र टपालाने पाठवलं, वर पैसे घेतले नाहीत. सोबतची शिक्षकांची पुस्तिका पातळ आहे, तिच्यात फारसं काही नाही.

आता चित्रांकडे येते.

सगळ्यात चांगलं चित्र दोथानचं. 2 राजे, सहावा अध्याय. अरामाच्या राजाने अलीशा संदेष्ट्याला धरायला रातोरात सैन्य पाठवून गाव वेढलं. अलीशाचा चाकर पहाटे उठून बाहेर येतो आणि त्याला चहूकडे घोडे आणि रथ दिसतात. चित्रकाराने तो चाकर अगदी पुढे काढला आहे, एक हात डोक्यावर, तोंड उघडं. मागच्या टेकडीवर अग्नीचे घोडे आणि रथ. टेकडी खडकाळ, मधून मधून खुरटी झाडं, आमच्याकडे उन्हाळ्यात सागाची पानं गळाल्यावर डोंगर दिसतो तशी. मुलांनी लगेच आपल्या गावामागच्या टेकडीचं नाव घेतलं. मी ते खोडून काढलं नाही.

मागचा मजकूरही या चित्राला शोभेल असा आहे. अलीशाने ‘सैन्य पाठव’ अशी प्रार्थना केली नाही, सैन्य आधीच उभं होतं. त्याने मागितलं ते एवढंच की या मुलाचे डोळे उघड. हे मजकुरात दोन साध्या वाक्यांत आलं आहे आणि लेकरांना कळतं. माझ्या वर्गातल्या सातवीतल्या मुलाने विचारलं, “म्हणजे तो झोपला होता तवाबी ते तेथीच होते?” हो, तवाबी तेथीच होते. दुसरी चांगली गोष्ट म्हणजे कथा तिथेच तोडलेली नाही. त्या अरामी शिपायांना दिसेनासं झालं, अलीशाने त्यांना शोमरोनात नेलं, तिथला इस्राएलाचा राजा त्यांना मारायला निघाला तेव्हा त्याने अडवलं आणि त्यांना जेवू घालून परत पाठवलं. देवाच्या सैन्याने वेढलेला माणूस शत्रूला पंगतीला बसवतो. बऱ्याच पुस्तकांत अग्नीचे रथ असतात आणि ही पंगत गळते. इथे ती आहे, त्याबद्दल संच तयार करणाऱ्यांचे मनापासून आभार.

दानीएलाचं चित्र आमच्या भागात वेगळ्याच कानांनी ऐकलं जातं. सिंह इथे कुणी पाहिला नाही, पण वाघ काय असतो ते इथल्या लेकरांना सांगावं लागत नाही. राळेगाव-पांढरकवड्याच्या रानात टी-वन, म्हणजे अवनी वाघीण होती, तिच्या नावावर तेरा माणसांचे जीव मांडले गेले, आणि 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री तिला गोळी घातली. त्या काळात माणसं एकट्याने वावरात जात नव्हती, बाया वेचणीला टोळीने जायच्या आणि उन्हं कलायच्या आत घरी यायच्या. आजही रात्री पीक राखायला जागलीला जाणारे बाप-काका आमच्या मुलांच्या घरात आहेत. त्यामुळे देवाने आपला दूत पाठवून सिंहांची तोंडं बंद केली, हे वाचल्यावर वर्गात एकदम शांतता झाली. चित्रात दानीएल घाबरलेला नाही आणि हसतही नाही. बसलेला आहे, मान खाली. मला ते आवडलं. दूत मात्र खूप मोठा आणि खूप गोरा काढला आहे.

इथे पंखांबद्दल बोलून घेते, कारण हा दोष संचभर आहे. चोवीस चित्रांत जिथे जिथे दूत आहे तिथे पांढरे मोठे पंख, पिवळे केस, पायघोळ झगा. पवित्र शास्त्रात पंख आहेत, पण ते यशयाने देवाच्या सिंहासनाजवळ पाहिलेल्या सराफीमांना, प्रत्येकाला सहा. आणि यहेज्केलाने पाहिलेल्या प्राण्यांना, प्रत्येकी चार. अब्राहामाच्या तंबूपुढे दुपारच्या उन्हात जे आले ते तीन पुरुष म्हणून आले. त्याने त्यांना झाडाखाली बसवलं, पाय धुवायला पाणी दिलं, जेवण आणलं. मार्काच्या शुभवर्तमानात कबरेत बायांना दिसतो तो पांढरा झगा घातलेला एक तरुण. इब्री लोकांस पत्रात सांगितलं आहे की पाहुणचार विसरू नका, तो करताना कित्येकांनी नकळत देवदूतांचं आदरातिथ्य केलं. पाठीला पंख असते तर नकळत कसं झालं असतं? निदान अब्राहामाच्या चित्रात तरी त्या तिघांना वाटसरू म्हणून काढायला हवं होतं, धुळीने भरलेले पाय, खांद्यावर कापड. आमच्याकडे उन्हाळ्यात दारावर येणारा माणूस तसाच दिसतो, आणि त्याला पाणी द्यायचं हे लेकरांना तिथूनच शिकवता आलं असतं.

एलीयाचं चित्र मात्र पंखांसकट मला फार जवळचं झालं. एलीया रानात झुडपाखाली पडला आहे, मला मरण दे म्हणतो आहे. दूत येऊन त्याला रागावत नाही, उपदेश करत नाही. हात लावून उठवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. तो खाऊन परत झोपतो, आणि दूत पुन्हा येतो, पुन्हा खायला देतो, कारण पुढची वाट लांब आहे. आमच्या जिल्ह्यात घरचा कर्ता माणूस ‘आता नको’ म्हणून पडून राहतो, ते दिवस किती घरांनी पाहिले आहेत. मी हे चित्र महिला मंडळातही नेलं. एक बाई म्हणाली की तिचा नवरा असाच पडून होता तेव्हा शेजारीण रोज डबा आणून ठेवायची, बोलायची काही नाही. त्या दिवशी आम्ही चर्चा तिथेच थांबवून प्रार्थना केली. या एका चित्रासाठी मी संचाचे पैसे पुन्हा देईन.

हागारेचं चित्र ठीक आहे, विहीर नीट काढली आहे. गब्रीएल आणि मरीयेचं नाताळाला कामी येईल. जुन्या करारातल्या याकोबाच्या शिडीचं चित्र लहान मुलांना सगळ्यात आवडलं, त्यांनी ती शिडी जमिनीवर खडूने काढून खेळ केला.

आता चौदावं चित्र. स्तोत्र 91.

चित्र ओळखीचं आहे. मोडक्या लाकडी पुलावरून दोन लहान मुलं चालली आहेत, मागे दूत हात पसरून. जुन्या ख्रिस्ती घरांत अशी फ्रेम भिंतीवर असायची. पावसाळ्यात नाल्यावरून शाळेत जाणाऱ्या मुलांना ते भिडतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते मागच्या मजकुराबद्दल. तिथे छापलं आहे की देवावर विश्वास ठेवणाऱ्याला देवदूत कधीही इजा होऊ देत नाहीत.

माझ्या वर्गात एक मुलगी आहे. तिचे वडील फवारणीच्या विषबाधेने गेले. 2017 च्या पावसाळ्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात असे वीसच्या वर शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, त्या वर्षी डोक्याच्या वर गेली होती, औषध मारताना ते अंगावरच उडत होतं, तोंडाला नुसता रुमाल. तिचे वडील त्यांपैकीच एक, आणि ते आमच्या मंडळीतले होते. मी मजकूर वाचून दाखवला नव्हता, पण ती मोठी आहे, तिने चित्र हातात घेऊन स्वतः वाचला. मग म्हणाली, “बाई, माह्या बाबाचा दूत कोठी गेल्ता? बाबा त रोज प्रार्थना करून वावरात जाय.”

जो कुणी मुलांसाठी देवदूतांवर एक ओळही लिहितो, त्याने हा प्रश्न डोळ्यांपुढे ठेवून लिहावं, असं मला कळकळीने वाटतं. ‘कधीही इजा होऊ देत नाहीत’ या ओळीचा तिच्यासाठी एकच अर्थ निघतो: बाबाचा विश्वास कमी पडला. आणि हे खोटं आहे. तो माणूस मी पाहिलेला आहे.

मी तिला प्रेषितांची कृत्ये, बारावा अध्याय उघडून दिला. पेत्राच्या सुटकेचं चित्र या संचात आहे, एकोणिसावं, आणि छानच आहे: दोन शिपायांच्या मध्ये साखळ्यांनी बांधलेला पेत्र गाढ झोपला आहे, दूत त्याच्या कुशीत मारून उठवतो, कमर बांध, वहाणा घाल म्हणतो, लोखंडी दरवाजा आपोआप उघडतो. पुढे पेत्र दार ठोठावतो आणि आत जे लोक त्याच्यासाठीच प्रार्थना करत बसलेत तेच विश्वास ठेवत नाहीत, तिथे मुलं पोट धरून हसतात. पण मागची गोष्ट सुरू होते ती पेत्राला अटक झाल्यापासून. त्याच अध्यायाचं दुसरं वचन गळलं आहे. त्या वचनात पेत्राला धरणाऱ्या त्याच हेरोद राजाने योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारल्याचं सांगितलं आहे. एकच राजा, एकच शहर, दोघेही येशूच्या अगदी जवळचे. एकासाठी दूत आला आणि साखळ्या गळाल्या, दुसऱ्याची मान गेली. याकोबाचा विश्वास कमी होता असं लूक लिहीत नाही. का, ते लिहीतच नाही. पवित्र शास्त्राने दोघांना एका अध्यायात शेजारी-शेजारी ठेवलं आहे, आणि चित्रसंचाने एकाला काढून टाकलं.

तिला मी आणखी दोन ठिकाणं दाखवली. एक, खुद्द स्तोत्र 91. चौदाव्या चित्रावर सुवर्णवचन म्हणून अकरावं वचन आहे, तुझ्या सर्व मार्गांत तुझं रक्षण करायची आज्ञा देव आपल्या दूतांना देईल या अर्थाचं. पण चार वचनं पुढे देव स्वतः बोलतो की संकटात मी त्याच्याजवळ राहीन. म्हणजे ज्याच्यासाठी दूतांना आज्ञा दिली त्याला संकट येणारच नाही, असं ते स्तोत्रही म्हणत नाही. दुसरं, लूक सोळावा अध्याय, येशूने सांगितलेली लाजराची गोष्ट. भिकारी लाजर श्रीमंताच्या दारात पडून आहे, अंगभर फोड, कुत्री येऊन चाटतात. कुत्र्यांना हाकलायला दूत आला नाही. तो मेला तेव्हा देवदूतांनी त्याला उचलून अब्राहामाच्या उराशी नेलं. हे चित्र संचात नाही आणि असायलाच हवं होतं. ती बराच वेळ ते पान वाचत बसली. मग विचारलं, “मंग दवाखान्यात आले असतीन?” मी म्हटलं, “हो माय, माझा तसाच विश्वास आहे.” तिचं पूर्ण समाधान झालं असं मी म्हणणार नाही. ती पुढच्या रविवारी आली, एवढं खरं.

स्तोत्र 91 बद्दल आणखी एक गोष्ट मजकुरात यायला हवी होती, कारण हे वचन येशूच्या तोंडावर फेकणारा कोण होता ते मत्तयाच्या चौथ्या अध्यायात आहे. सैतानाने येशूला मंदिराच्या टोकावर उभं करून हेच वचन ऐकवलं: उडी टाक, दूत तुला झेलतील. आणि ऐकवताना ‘तुझ्या सर्व मार्गांत’ हे शब्द त्याने गाळले. येशूने उडी मारली नाही. देवाची परीक्षा पाहू नको, हे जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातलं वचन त्याने उलट ऐकवलं. आणि सैतान निघून गेल्यावर, मत्तयाच्या त्याच अध्यायाच्या अकराव्या वचनात, देवदूत येऊन येशूची सेवा करू लागले.

माझ्या वर्गातली मोठी मुलं आत्ताच पंप पाठीवर घेऊन वावरात जातात, सांगूनही ऐकत नाहीत. त्यांना मी स्पष्ट सांगितलं: देव राखते म्हणून हातमोजे नको, मास्क नको, वाऱ्याच्या उलट्या दिशेने औषध मारायचं, ही मंदिराच्या टोकावरून उडी आहे. साप चावल्यावर प्रार्थना करत घरी बसून राहणं, किंवा मांत्रिकाकडे नेणं, आणि ग्रामीण रुग्णालयात लस असताना तिकडे न जाणं, हीसुद्धा तीच उडी. प्रार्थना गाडीत बसून करता येते. वावराच्या कुंपणाला वीज सोडणाऱ्या झटका मशीनच्या तारेला रात्री हात लावून पाहायचा नाही. देवदूतांवरच्या पाठात हे कशाला, असं कुणी म्हणेल. मला तर हा पाठ याच्याशिवाय अर्धा वाटतो. तुझे मार्ग म्हणजे तू रोज चालतोस ते मार्ग: शाळा, वावर, नाला, बाजार. त्या वाटांवर देवाचे दूत आहेत हे मी मनापासून मानते. आमच्या गावात पुरात वाहून जाता जाता फांदी हाताला लागलेला माणूस आहे, आणि ती फांदी तिथे कुणी ठेवली हे तो दर उपासनेत सांगतो. मी त्याच्या साक्षीवर शंका घेत नाही. जो हाताला फांदी न लागता गेला, त्याच्या लेकरालाही त्याच मंडळीत बसायला जागा हवी, एवढंच मागते.

आमचे जुने पाळक हे चांगलं शिकवायचे. यवतमाळला 1953 पासून 1983 मध्ये पुण्याला हलेपर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, ते तिथे शिकलेले. ते हिस्लॉपसाहेबांचं उदाहरण द्यायचे. स्टीफन हिस्लॉप, 1845 मध्ये नागपुरात आलेले स्कॉटिश मिशनरी. शाळा काढली, गोंडांच्या भाषेचा आणि गाण्यांचा अभ्यास केला, इथल्या दगडांचा आणि खडकांत सापडणाऱ्या प्राचीन अवशेषांचा केला. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाने 1883 मध्ये निघालं. 1863 च्या सप्टेंबरात टाकळघाटची जुनी दगडी वर्तुळं पाहून घोड्यावरून परत येताना, रात्री फुगलेल्या नाल्यात ते बुडून गेले. पाळक म्हणायचे की विदर्भातल्या मंडळीच्या पायाचा एक दगड त्या नाल्यात आहे, आणि स्तोत्र 91 त्या माणसालाही पाठ असणार. मोठ्यांच्या सभेत संच वापरायचा असेल तर एकोणिसाव्या चित्रानंतर हे जरूर सांगा.

गंमत अशी की या प्रश्नाचं उत्तर संचातच पडून आहे, फक्त त्याच्याकडे बोट दाखवलेलं नाही. एकविसावं चित्र गेथशेमाने बागेचं. येशू दगडावर टेकून प्रार्थना करतो आहे आणि लूक सांगतो तसा एक दूत स्वर्गातून येऊन त्याला बळ देतो. हा प्याला दूर कर, अशी त्याची प्रार्थना चाललेली. दूत आला, पण प्याला दूर झाला नाही. थोड्याच वेळात तो पेत्राला सांगतो की मी मागितलं तर पिता मला देवदूतांच्या बारा पलटणींहून अधिक देईल. रोमी पलटणीत पाच-सहा हजार शिपाई असत, म्हणजे किती झाले ते पाचवीच्या मुलाने पाटीवर मांडून दाखवलं. आणि येशूने मागितले नाहीत. त्या मुलीला मी हे चित्र घरी न्यायला दिलं आहे, चौदावं नाही. आगीच्या भट्टीत टाकलेल्या शद्रख, मेशख आणि अबेद्नगोच्या चित्रामागेही त्यांचं राजाला दिलेलं उत्तर पूर्ण यायला हवं होतं. आमचा देव सोडवायला समर्थ आहे, आणि नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही, असं ते म्हणाले. छापताना पहिला अर्धा भाग ठेवला, दुसरा नाही.

मीखाएलाच्या चित्रावरून एक प्रसंग झाला, तोही सांगते. तलवार उपसलेला दूत, पायाखाली अजगर. एका आईने ते चित्र मागितलं, दारावर लावायला, लेकराला नजर लागते म्हणून. मी तिला न दुखावता नाही म्हटलं आणि प्रकटीकरणाचा शेवटचा अध्याय वाचून दाखवला. योहान दूताच्या पाया पडायला जातो आणि दूतच त्याला अडवतो: असं करू नको, मीही तुझ्यासारखा दासच आहे, नमन देवाला कर. दूत पाठवलेले आहेत. रक्षण पाठवणारा करतो, म्हणून प्रार्थना त्याच्याकडे. हे वचन मीखाएलाच्या चित्रामागे छापलं असतं तर माझ्यासारख्या कितीतरी बायांचं काम सोपं झालं असतं. लेकराला बरं नव्हतं, आशाताईंना सांगून त्याला तपासायला पाठवलं.

अठराव्या चित्रावर ‘प्रत्येक मुलाचा एक दूत’ असा मथळा आहे, आधार मत्तय 18:10 चा. तिथे येशू लहानग्यांच्या दूतांबद्दल बोलतो, ते स्वर्गात पित्याचं मुख सतत पाहतात म्हणतो. प्रत्येकाला एक, असा हिशेब त्या वचनात नाही. कॅथलिक मंडळी तसं शिकवते, 2 ऑक्टोबरला त्यांच्याकडे रक्षक दूतांचा सण असतो, आणि माझ्या एका कॅथलिक मैत्रिणीला लहानपणापासून आपल्या रक्षक दूताची प्रार्थना पाठ आहे. आमच्या मंडळीत दूताला उद्देशून प्रार्थना करत नाहीत. मी मुलांना एवढंच सांगते की तुम्हाला कुणी तुच्छ मानू नये म्हणून येशूने हे सांगितलं, ज्यांच्या वतीने पित्यासमोर उभं राहणारे आहेत त्या लेकरांना हाकलायचं नसतं. ज्या मुलांचे कपडे फाटके असतात ती त्या दिवशी जरा सरळ बसतात, हे मी पाहिलं आहे.

तर घ्यावा का? घ्या. मराठीत या आकाराचं, इतकं वापरण्याजोगं दुसरं काही माझ्या पाहण्यात नाही. लहान मंडळीला साडेसहाशे जड वाटले तर शेजारच्या दोन गावांनी मिळून घ्या आणि महिन्याआड फिरवा. क्रमाने शिकवू नका. दोथानपासून सुरू करा, मग एलीया, आणि पेत्राच्या आधी गेथशेमाने घ्या. चौदाव्या चित्रामागची ती ओळ आम्ही पांढरा कागद चिकटवून झाकली आणि त्यावर स्तोत्राचं पंधरावं वचन लिहिलं. याकोबाचं चित्र मुलांनीच कार्डशीटवर काढलं, तुरुंगाची भिंत, तलवार घेतलेला शिपाई, आणि याकोबाला धोतर-बंडी. लाजराचं अजून व्हायचं आहे, कुत्री कोण काढणार यावरून वाद आहे.

दुकानदाराला मी फोनवर हे सगळं सांगितलं. प्रकाशकांना कळवतो म्हणाले. पुढच्या छपाईत दोन्ही बाजूंना प्लास्टिकचा थर द्यावा, पेत्राच्या चित्रामागे बाराव्या अध्यायाचं दुसरं वचन घालावं, आणि चौदाव्या चित्रामागचा ‘कधीही’ काढावा. किंमत पन्नास रुपयांनी वाढली तरी चालेल.